तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी मुलांना खेळायला न्यावे तरी कुठे? (नागपूर परिसर)

दुपारची_साय (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर यजमानांची बदली झाली आणि आम्ही नागपूरपासून साधारण तासाभराच्या अंतरावरील एका तालुक्याच्या गावी राहायला आलो. घरात पाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आहेत. गाव चांगले आहे, शेजार त्याहून चांगला आहे, भाजी शेतातून सरळ दारात येते. मात्र संध्याकाळचे साडेपाच वाजले की मुलाचा "मम्मी, बगिच्यात चल न" हा घोशा सुरू होतो आणि त्याला नेमके कुठे न्यावे, हे कोडे मला चार महिन्यांत सुटलेले नाही.

आमच्या ले-आउटमध्ये नावापुरती बाग आहे. तिच्यात एक पत्र्याची घसरपट्टी, दोन झुले आणि मोडका सी-सॉ आहे. मागच्या आठवड्यात ऊन उतरले असे समजून मी मुलाला घसरपट्टीवर बसवले आणि तो अर्ध्यावर येऊन किंचाळला. पत्रा दिवसभर पश्चिमेच्या उन्हात तापलेला होता. घरी येऊन पाहते तो मांडीच्या मागे बोटभर रुंदीचा लाल पट्टा उमटलेला. बागेच्या फाटकाला कुलूप आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, आणि सगळे जण कुंपणाच्या फाटलेल्या जाळीतून आत जातात. सासूबाईंना ते शक्य नसल्यामुळे त्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात.

शहरातल्या मॉलमधील खेळघरे मला नको आहेत. मुलाला मातीत खेळता यावे, सासूबाईंना पाठ टेकून बसता यावे, पिण्याचे पाणी आणि बरे स्वच्छतागृह असावे, एवढीच अपेक्षा आहे. नागपुरात असो वा आसपास, आपण स्वतः मुलांना घेऊन गेला असाल अशी ठिकाणे कृपया सुचवावीत.

बर्डीकर

ताई, नागपूरकर म्हणून पहिले उत्तर देण्याचा मान घेतो. सासूबाई सोबत असतील तर मी महाराजबागेपासून सुरुवात करण्यास सांगेन. भोसल्यांच्या काळातील ही बाग आज पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि तिथे लहानसे प्राणिसंग्रहालयही आहे; परंतु तिचे खरे वैभव म्हणजे जुन्या, उंच झाडांची सावली, जी नव्या बागांत कितीही पैसा ओतला तरी वीस वर्षे मिळत नाही. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर उतरून ऑटोने पाच मिनिटांत पोहोचता येते. रविवारी दुपारनंतर गर्दी असते, म्हणून सकाळी जावे.

धरमपेठेतील ट्रॅफिक पार्क पाच वर्षांच्या मुलासाठी उत्तम आहे. छोटे रस्ते, छोटे सिग्नल, पट्ट्यांचे चौक. मुलांना तिथे वाहतुकीचे नियम शिकवावे लागत नाहीत, तीच आपल्याला शिकवू लागतात. माझी पुतणी तिथून आल्यावर दोन महिने माझ्या स्कूटरच्या मागे बसून "काका, लाल आहे" असे ओरडत असे, आणि लाल असतानाच ओरडत असे, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्यात मात्र बागांचा नाद सोडावा. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. दरवर्षी तसे होत नसले तरी पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस नेहमीचेच आहेत. अशा वेळी गांधीसागर तलावासमोरील रमण विज्ञान केंद्र हा पर्याय आहे. ते 1992 पासून सुरू आहे, आतली दालने बंदिस्त आहेत आणि मुले स्वतः हात लावून प्रयोग करू शकतात. तारांगणाचा खेळ मात्र पाच वर्षांच्या मुलाला अंधारामुळे कधी आवडतो, कधी रडवतो. बाहेरच्या आवारातील प्रागैतिहासिक प्राण्यांचे पुतळे सकाळी पाहून घ्यावेत आणि ऊन चढले की आत शिरावे.

गोरेवाड्याबद्दल सर्व जण सांगतील, म्हणून आधीच लिहितो. 26 जानेवारी 2021 रोजी सुरू झालेले ते प्राणी उद्यान प्रेक्षणीय आहे, पण तिथे बसमध्ये बसून प्राणी पाहायचे असतात. ती सहल झाली, खेळणे नव्हे. ज्या मुलाला धावायचे आहे, त्याला बसच्या खिडकीशी बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

लोखंडकाम

माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे आणि शाळा-बागांची खेळणी मी पंधरा वर्षे बनवतो आहे, म्हणून धागाकर्तीच्या घसरपट्टीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

पत्र्याची घसरपट्टी मुळात वाईट नसते. ती टिकते, फुटत नाही, तिची दुरुस्ती गावातच होते. चूक असते ती तिच्या दिशेची. ती उत्तरेकडे तोंड करून किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत उभी करावी लागते. ठेकेदार मात्र फाटकातून आत शिरल्यावर जिकडून ती "दिसते", तिकडे तोंड करून ती रोवून मोकळा होतो. पश्चिमेला तोंड असलेला पत्रा संध्याकाळी सहापर्यंत भाजतो. प्लास्टिकची घसरपट्टी तापत नाही, हा समजही चुकीचा आहे. ती आणि तिच्याखाली अंथरलेली काळी रबरी चटई, दोन्हीही विदर्भाच्या उन्हात मुलाच्या पायाला चटका देण्याइतक्या तापतात. मुलाला बसवण्याआधी आपल्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद पत्र्यावर टेकवून पाहावा. आपल्याला टेकवून ठेवता आला नाही, तर मुलालाही बसवू नये.

दुसरी गोष्ट खालच्या जमिनीची. खेळण्यांखाली फरशी किंवा सिमेंट असेल तर ती बाग कितीही सुंदर असली तरी माझ्या मते नापास आहे. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत खेळण्याभोवती सर्व बाजूंनी सहा फूट मोकळी, मऊ जागा सोडण्यास सांगितले आहे, आणि चार फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी रेतीचा थर किमान नऊ इंच असावा असे म्हटले आहे. हिरवळ किंवा साधी माती त्यांनी पुरेशी मानलेली नाही, कारण ती पायांखाली दबून दगडासारखी होते. आपल्याकडे नऊ इंच रेती मी आजवर दोनच ठिकाणी पाहिली, आणि त्यातली एक जागा म्हणजे बांधकामाचा ढीग होता.

तिसरी गोष्ट कोणी पाहतच नाही. कठड्याच्या दोन गजांमधील अंतर साडेतीन इंचांपेक्षा जास्त आणि नऊ इंचांपेक्षा कमी असेल, तर मुलाचे अंग त्यातून जाते आणि डोके अडकते. मोजपट्टी नसली तरी चालते. आपली मूठ आडवी धरून गजांमध्ये घालून पाहावी. मूठ सहज जात असेल आणि वीत मावत नसेल, तर तिथे मुलाला एकटे सोडू नये.

झुल्याच्या साखळीत बोटे चिमटतात, त्यावर माझा जुना उपाय आहे. सायकलची टाकाऊ ट्यूब लांबीत चिरून मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंत साखळीवर गुंडाळावी आणि दोन्ही टोकांना तारेने बांधावी. तारेची टोके बाहेरच्या बाजूला राहता कामा नयेत, नाहीतर चिमटा जाऊन ओरखडा येतो. खर्च जवळजवळ शून्य.

दुपारची_साय

बर्डीकर, मनापासून आभार. लोखंडकाम भाऊ, तुमचे वाचून मी काल मूठ घेऊनच बागेत गेले. घसरपट्टीच्या वरच्या कठड्यात ती आरपार गेली. आता मुलगा वर चढतो तेव्हा मी शिडीच्या मागे उभी राहते.

संत्र्याची_साल

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत, परंतु मला थोडे निराळे मांडायचे आहे. मीही काही वर्षे दर रविवारी मुलांना घेऊन नागपूर गाठत असे. सकाळी डबे भरायचे, एसटी पकडायची, गणेशपेठेला उतरायचे, तिथून ऑटो. बागेत दीड तास, प्रवासात चार तास. परतताना धाकटी मांडीवर झोपलेली आणि मोठा उलटीच्या बेतात. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला घोशा पुन्हा सुरू.

मुलाला रविवारचा बगिचा नको असतो, त्याला रोजचा हवा असतो. आठवड्यातून एकदा पोटभर आणि सहा दिवस उपाशी, असा खेळ मुलांच्या पचनी पडत नाही. धागाकर्तीने नागपूरच्या बागा जरूर पाहाव्यात, पण तिचा मूळ प्रश्न तिच्या लिखाणातच आहे: किल्ली कोणाकडे आहे? आमच्या तालुक्यात मी ज्या तीन बागा पाहिल्या, त्यांत सर्वांत साधी बाग सर्वांत जास्त वापरात होती, आणि त्याचे कारण एवढेच होते की समोरच्या घरातील एक आजोबा पाच वाजता कुलूप काढत आणि साडेसातला लावत. उरलेल्या दोन बागांत खेळणी नवी होती, रंग नवा होता, आणि फाटक बंद होते.

रामटेककर

मी दोन्ही बाजूंनी बोलतो. रोजचे मैदान वेगळे आणि महिन्यातून एकदाची सहल वेगळी. दुसरीही मुलांच्या वाट्याला यायला हवी.

रामटेकला आलात तर गडावर जाण्यापूर्वी कालिदास स्मारकाच्या आवारात सासूबाईंना बसवता येईल. खाण्याची पिशवी मात्र हातात मिरवू नये. इथल्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज शाळेच्या घंटेसारखा ऐकू येतो आणि लहान मुलाच्या हातातील बिस्किट हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत सोपे भक्ष्य आहे. माकडाने झेप घेतली तर ओढाताण न करता वस्तू सोडून द्यावी. खिंडसी तलावावर नौकाविहाराची सोय आहे. दीड वर्षाच्या मुलीला नेण्याआधी तिच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का हे विचारावे, आणि नसेल तर काठावरच बसावे.

कामठीचे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार 1999 मध्ये उभे राहिले. तिथला परिसर अतिशय स्वच्छ आणि शांत आहे, आजींना तो फार आवडेल. पण ते प्रार्थनास्थळ आहे, तिथे मुलांनी पकडापकडी खेळणे योग्य नव्हे. सावनेरला कोळसा खाणीलगत वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीने इको पार्क केले आहे आणि त्यात भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे. खाणकामगारांची वस्ती ज्या भागात आहे, तिथल्या मुलांना "बाबा खाली नेमके काय करतात" हे तिथे उभे राहून समजावता येते. माझ्या मेहुण्याच्या मुलाने ते पाहिल्यापासून वडील घरी आल्यावर त्यांच्या टोपीवरचा दिवा आधी पुसून ठेवतो.

निवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे होतो. वरील चर्चा वाचताना दोन गोष्टी आठवल्या.

पहिली जरा हौसेची. नागपूरच्या मोतीबाग परिसरात, कडबी चौकाजवळ, 2002 पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. नागपूर ते छिंदवाडा ही आमच्या आयुष्यातील गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावत असे आणि 2015 मध्ये ती बंद होऊन मोठ्या रुळांचे काम सुरू झाले. ती इतक्या निवांतपणे चाले की, चढावर खाली उतरून तिच्या बाजूने चालत जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्या काळातील इंजिने आणि डबे संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात उभे आहेत, मुलांसाठी छोटी गाडीही आहे, आणि आजी-आजोबांना तिथे सांगण्यासारखे पुष्कळ सापडते. बागेत आजी नातवाची राखण करते. इथे नातू आजीचे ऐकत बसतो. सेमिनरी हिल्सवरच्या बालोद्यानातील "वनबाला" गाडी ज्यांनी बालपणी अनुभवली आहे, त्यांना माझे म्हणणे कळेल.

दुसरी गोष्ट कामाची. धागाकर्तीच्या गावात जिल्हा परिषदेची किंवा नगर परिषदेची शाळा निश्चितच असेल आणि तिला मैदानही असेल. शाळा सुटल्यावर ते मैदान कुलूपबंद राहते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. मैदान संध्याकाळी दीड तास गावातील मुलांना खुले करावे, असा विषय पालक या समितीपुढे मांडू शकतात. मुख्याध्यापक बहुधा आधी नाही म्हणतील. त्यांना दोष देऊ नये; खिडकीची काच फुटली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते, आणि मी स्वतः त्या खुर्चीत असताना नाहीच म्हणालो होतो. होकार हवा असेल तर विनंती घेऊन जाऊ नये, व्यवस्था घेऊन जावे: कोणत्या वारी कोणते पालक थांबतील, किल्ली कोण घेईल, वही कोण ठेवेल, वर्गखोल्यांकडे कोणी जाणार नाही याची हमी कोण देईल. माझ्याकडे 2011 मध्ये एक आई अशी वही घेऊन आली. पहिल्या पानावर सात नावे आणि सात वार लिहिलेले होते. त्या वहीमुळे मी नाही म्हणू शकलो नाही.

चाकांची_खुर्ची

माझी मुलगी नऊ वर्षांची असून चाकाच्या खुर्चीवर आहे, म्हणून बाग "चांगली" की "वाईट" हे माझ्यासाठी फाटकातच ठरते. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी लोखंडी पाइपांची वाकडी वाट किंवा फिरते फाटक बसवलेले असते. मोटारसायकलवाला बाजूच्या पायरीवरून गाडी चढवून आत जातोच. माझी मुलगी तेवढी बाहेर राहते. मागच्या वर्षी एका बागेत रखवालदाराने मला सुचवले की मुलीला उचलून घ्यावे आणि खुर्ची बाहेर ठेवावी. ती वीस किलोची आहे आणि तिला स्वतःचे मत आहे.

धागाकर्तीच्या सासूबाई जाळीतून आत जाऊ शकत नाहीत हे वाचले तेव्हा मला वाटले की हा प्रश्न माझ्या मुलीचाच आहे, फक्त वय वेगळे. फाटकात तीन फुटांची सरळ वाट, पायरीऐवजी उतार आणि आत मुरूम न टाकता घट्ट, सपाट पायवाट, एवढे असले तर आजी, बाळाची गाडी आणि चाकाची खुर्ची तिघांचे एकदम भागते. उतार फार चढा नसावा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी हे प्रमाण सर्वत्र मानले जाते. आपल्याकडे एक फुटाला तीन फूट लांबीचे उतार बांधून त्यावर गुळगुळीत फरशी बसवतात आणि पहिल्या पावसात त्यावर सगळेच घसरतात, त्यामुळे तीच बागेतली खरी घसरपट्टी ठरते.

झाडाखाली

खेळण्यांवर पुष्कळ झाले, झाडांवर कोणी लिहिले नाही.

बागेच्या कुंपणाला पिवळ्या फुलांची बिट्टी लावण्याची आपल्याकडे फार हौस आहे, कारण ती बिनपाण्याची वाढते आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. जनावरे तोंड लावत नाहीत, यातच सगळे आले. तिच्या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या असतात, आणि नेमक्या त्याच त्रिकोणी बिया मुले खेळायला गोळा करतात. आम्हीही केल्या आहेत. दीड वर्षाच्या मुलीला हातात येईल ते तोंडात घालण्याची सवय असते. लाल कण्हेरही तितकीच विषारी. आपल्या बागेत ही झुडपे असतील तर घसरपट्टीआधी त्यांचा बंदोबस्त करावा. पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटावे, हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते आणि दमाही बळावतो.

सावलीसाठी माझे मत करंजाला. चैत्रात, आजूबाजूला सगळे भकास असताना त्याला कोवळी, तजेलदार पालवी येते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच्याखाली खरोखर गार वाटते. कडुनिंबही उत्तम. गुलमोहर दिसायला देखणा, पण त्याचे लाकूड ठिसूळ. वादळात त्याची फांदी मोडून पडते आणि बाकडे नेमके त्याच्याखाली ठेवलेले असते.

एक शेवटचे: जुन्या टायरांची खेळणी असतील तर प्रत्येक टायरला खालच्या बाजूला दोन भोके पाडून घ्यावीत, नाहीतर जुलैपासून त्यात साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचे प्रसूतिगृह.

कागदपत्रे

मी नगररचनेशी संबंधित काम करतो, म्हणून ले-आउटमधील बागेबद्दल लिहितो. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मोठ्या ले-आउटमध्ये किमान 10 टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. मंजूर नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवलेली असते. वर्षे जातात, विकासक निघून जातो, जागेवर आधी वाळूचा ढीग येतो, मग मांडव येतो, मग मांडवाला विटांच्या भिंती येतात, आणि नकाशातील हिरवा रंग नकाशातच राहतो.

ताईंनी प्रथम मंजूर नकाशाची प्रत मिळवावी. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अर्जात "बाग खराब का आहे" असे विचारू नये. "का" या शब्दाला उत्तर मिळत नाही. असे विचारावे: या खुल्या जागेचे क्षेत्रफळ किती, ती देखभालीसाठी कोणाच्या ताब्यात कोणत्या तारखेला दिली, आणि फाटकाची किल्ली कोणाकडे असते.

बर्डीकर

संत्र्याची_साल यांचे म्हणणे मी सुरुवातीला मनावर घेतले नव्हते, कारण शहरात चालत पाच मिनिटांवर बाग असणे हे आम्ही गृहीत धरतो. तरीही एक सांगतो, शहरातही कुलुपांचे दुखणे आहेच. आमच्या शेजारची बाग सकाळी चालणाऱ्यांसाठी पाचला उघडते आणि दहाला बंद होते. मुले तेव्हा शाळेत असतात.

दुपारची_साय

पाच आठवड्यांनंतर लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

महाराजबाग आणि नॅरोगेज संग्रहालय पाहून आलो. संग्रहालयात सासूबाई एका जुन्या डब्याच्या पायरीवर बसल्या आणि लग्नानंतर त्याच गाडीने सासरी आल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, जी आजवर मी ऐकली नव्हती. मुलाने त्यांना एकच प्रश्न विचारला, "आजी, तुला खिडकी मिळाली होती का?" मिळाली नव्हती.

गुरुजी, मी तुमची वही केली. आमच्या मागच्या गल्लीत शाळा आहे, मैदानात दोन जुने करंज आहेत. पहिल्या फेरीत नकार आला. दुसऱ्या वेळी सहा जणी गेलो, वारांची वाटणी लिहून नेली, शनिवार रिकामा होता तो समितीतील एका वडिलांनी स्वतः भरला. आता सोमवार ते शनिवार साडेपाच ते सात मैदान खुले असते. किल्ली शेजारच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते. ती दुकानाच्या शटरच्या किल्लीत मिसळू लागली, म्हणून सासूबाईंनी तिला लाल चिंधी बांधली आहे. मुलगा तिला "आजीची चाबी" म्हणतो आणि पाच वाजून वीस मिनिटांनी दुकानासमोर जाऊन उभा राहतो.

मैदानात खेळणे एकही नाही. एक जुना टायर आहे, त्याला भोके पाडून घेतली. कुंपणाला बिट्टी होती, ती दोघा वडिलांनी कुदळीने काढली आणि बिया वेचून जमिनीत खोल पुरल्या. सासूबाईंसाठी घरची एक खुर्ची करंजाखाली जाते आणि परत येते, कारण तिथे ठेवली की सकाळी वर्गात गेलेली असते.

ले-आउटच्या बागेचा माहिती अधिकार अर्ज केला आहे. उत्तर आले की कळवेन. लोखंडकाम भाऊ, करंजाची जाड फांदी झुल्यासाठी वापरावी का?

लोखंडकाम

फांदीवर वापरू नये, ताई. करंजाची फांदी भार घेते, पण दोर जिथे घासतो तिथे साल जाते आणि दोन पावसाळ्यांत आतून कूज धरते, जी बाहेरून दिसत नाही. समितीची परवानगी मिळाली तर अडीच इंची पाइपाची चौकट मी करून देईन, पाय जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये. चौकट आठ फूट उंच असेल तर झुल्याच्या पुढे सोळा आणि मागे सोळा फूट मोकळे लागतील, म्हणून आधी करंजापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून कळवावे. रेतीची सोय तुम्ही पाहा.

दुपारची_साय

आत्ताच मोजले. एकतीस फूट भरते. टायर हलवला तर जमेल का?

लोखंडकाम

टायरने काय होणार, एक फूट भिंतीत जातो आहे. सात फुटांची चौकट करू.